आयरिश जमीनलढा: पोलिसांना वाळीत टाकणं अहिंसक होतं का?

कोरडवाहू: 1879 ते 1882 च्या आयरिश जमीनलढ्याचा, म्हणजे कुळांनी जमीनदारांविरुद्ध दिलेल्या लढ्याचा, विषय निघाला की आपण कॅप्टन बॉयकॉटपाशी थांबतो. हा जमीनदाराचा कारभारी, त्याला गावानं वाळीत टाकलं आणि त्याच्याच नावावरून ‘बॉयकॉट’ हा शब्द आला. माझ्या मते लढ्याचं खरं बळ पोलिसांची कोंडी करण्यात होतं, आणि ती कोंडी मुळात अहिंसक होती.

कूळ काढायचं तर नोटीस ठरल्या मुदतीत घरच्या कर्त्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या हाती पडावी लागे. म्हणून सगळी झुंज ती मुदत संपवण्यासाठी. 22 सप्टेंबर 1880 ला मेयो परगण्यात लॉक मास्क या तळ्यापाशी नोटिसा बजावणारा बेलिफ आला, सोबत 17 शिपाई. नोटिसा अकरा कुळांच्या. तीन लागू झाल्या. चौथ्या घरच्या बाईनं कागद घेतलाच नाही, लाल फडकं हलवून शेजार गोळा केला. बायका चिखल, शेण, दगड घेऊन धावल्या. बेलिफ आणि शिपाई बॉयकॉटच्याच घरात शिरले. दुसऱ्या दिवशीही नोटिसा लागल्या नाहीत.

दप्तरदार: दगड मारणं अहिंसक कसं? आणि त्यानंतरचं तुम्ही सोडून दिलंत. बॉयकॉटचा लोहार, धोबीण, टपाल नेणारा पोरगा, सगळ्यांना काम सोडायला सांगितलं गेलं. त्याचा पुतण्या टपाल आणायला निघाला तर त्यालाही वाटेत अडवून दम दिला. जवळच्या बॅलिनरोब गावच्या दुकानदारांनी माल देणं बंद केलं, तेव्हा जिन्नस काँगहून होडीनं आणावे लागले. दुकानदाराला खरंच निवड होती का? शेतीवादातले नोंदलेले गुन्हे 1879 मध्ये 863 होते, 1880 मध्ये अडीच हजारांवर गेले, 1881 मध्ये 4,400 च्या आसपास. महाराष्ट्रानं 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो उगाच नाही. गावानं पाठ फिरवली की माणसाचं काय होतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

कोरडवाहू: त्या आकड्यांत निम्म्याहून जास्त धमकीची पत्रं आहेत. खून फार थोडे.

दप्तरदार: शवपेटीचं चित्र काढलेलं, ‘रोरी ऑफ द हिल्स’ या धमकीपत्रांतल्या टोपणनावाच्या सहीचं पत्र दारावर चिकटलेलं असेल, आणि शेजारच्याच्या गुरांच्या शेपट्या छाटलेल्या असतील, तर ते पत्र नुसतं पत्र राहत नाही. थोडे खून पुरेसे होतात. बाकी काम भीती करते.

पाणंद: दोघांनीही पोलीस दलाची घडण बाजूला ठेवली. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या शिपायाला स्वतःच्या किंवा बायकोच्या परगण्यात नेमत नसत. तो बंदूक घेऊन बराकीत राही. बहुतेक शिपाई कॅथलिक, शेतकऱ्यांचीच पोरं. पण गावात सोयरं कोणी नाही, आणि दूध, पाव, जळणाचं पीट रोज त्याच गावातून घ्यायचं. फितुरी टाळायला केलेली व्यवस्था कोंडीला सोपी ठरली. शिवाय जादा पोलीस आणले की त्यांचा खर्च त्या मुलखावरच बसवता येई. म्हणजे ज्यानं दगड उचलला नाही त्यालाही पोलीस नकोसे होत. सरकारनं आपल्या हातानं वैर वाढवलं.

बॉयकॉटचं पीक काढायला कॅव्हन आणि मोनाघनमधून 50 ऑरेंजमन, म्हणजे ब्रिटिशनिष्ठ प्रोटेस्टंट संघटनेची माणसं, आले. त्यांच्या रक्षणाला सैनिक-पोलीस मिळून हजारभर माणसं. पीक सुमारे 500 पौंडांचं, खर्च 10,000 पौंडांच्या घरात. इतकी माणसं एका शेतावर अडकली की बाकी मुलूख मोकळा.

दप्तरदार: घडणीचा मुद्दा पटला. पण जानेवारी 1880 मध्ये गॉलवे परगण्यातल्या कॅरारोला बायकांनी पेटतं पीट फेकलं आणि पोलिसांनी संगिनी चालवल्या, तीही त्याच कोंडीची बाजू. पुढे 10 एप्रिल 1919 ला डॉइलनं, म्हणजे आयरिश राष्ट्रवाद्यांच्या स्वतंत्र संसदेनं, पोलिसांना वाळीत टाकण्याचा ठराव केला. त्याआधीच 21 जानेवारीला टिपररी परगण्यातल्या सोलोहेडबेगला दोन शिपाई मारले गेले होते. बहिष्कार आणि गोळी हातात हात घालून चालले.

कोरडवाहू: टपालाच्या पोराला दिलेली धमकी मी अहिंसेत बसवत नाही, तेवढं मागे घेतो. पण 1919 वरून 1880 ठरवू नका. मेयोतल्या त्या बाईनं कागद नाकारला तेव्हा तिच्या हातात फडकं होतं. ऑगस्ट 1881 च्या कायद्यानं खंड ठरवायला न्यायालय आलं आणि खंड सरासरी पाचव्या हिश्शानं उतरले, ते अशा नाकारण्यातून. गुरांच्या शेपट्या छाटून नाही.