'कन्फेशन्स' कानांनी: धर्मशास्त्राची पुस्तकं ऐकावीत की वाचावीत?

सकाळची_बस

गेल्या पावसाळ्यापासून मी संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' ऐकते आहे, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या या ख्रिस्ती आचार्याचं आत्मकथन. हडपसर ते हिंजवडी बस, कानात इयरफोन. स्वयंसेवकांनी वाचून मोफत ठेवलेलं इंग्रजी भाषांतर आहे. छापील पुस्तक कॉलेजपासून माझ्या कपाटात आहे. दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या भागात अडकले. सोळा वर्षांचा ऑगस्टीन मित्रांबरोबर शेजाऱ्याच्या झाडाची नाशपाती चोरतो, खात नाही, डुकरांपुढे टाकतो, आणि त्यावर पानंच्या पानं लिहितो. एवढ्याशा चोरीचं एवढं काय, असं वाटून मी पुस्तक मिटायची.

ऐकताना तसं झालं नाही. हे पुस्तक वाचकाला उद्देशून नाहीच, पहिल्या ओळीपासून ते देवाशी बोलणं आहे. वाचताना माझे डोळे 'पुढे काय झालं' म्हणून पळत होते. ऐकताना कळलं की एक माणूस प्रार्थना करतोय आणि मी त्याच्या शेजारी उभी आहे. प्रार्थनेत कोणी घाई करत नाही.

माझं स्पष्ट मत असं झालंय की ख्रिस्ती धर्मशास्त्रातली बरीच थोर पुस्तकं मुळात कानासाठीच आहेत आणि छापून आपण त्यांना मुकं केलं. बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, सुरुवातीलाच वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय. विश्वास ऐकण्याने येतो हे तर रोमकरांच्या दहाव्या अध्यायात आपण सगळे लहानपणापासून पाठ केलेलं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमात मठातल्या जेवणाच्या वेळी एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं असं आहे. वाचणाराही पाळीपाळीने कोणी उठून नव्हे, ज्याच्या वाचण्याने ऐकणाऱ्याचं भलं होईल असाच नेमायचा. आमच्या नगरच्या घरी संध्याकाळच्या उपासनेत वडील शास्त्र वाचायचे तेव्हा पुस्तक एकच असायचं आणि कान सात जणांचे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. अकराव्या भागात ऑगस्टीन विचारतो, काळ म्हणजे काय? मग तो मिलानचा बिशप अँब्रोज याच्या एका लॅटिन गीताची ओळ घेतो, 'देउस क्रेआतोर ओम्नियुम' (देव, सर्वांचा निर्माता). आठ अक्षरं, एक ऱ्हस्व एक दीर्घ अशी. दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या दुप्पट लांब आहे हे मी कसं मोजतो, असं तो विचारतो. मोजायला घ्यावं तर अक्षर संपून गेलेलं असतं. म्हणजे मी अक्षर मोजत नाही, त्याचा मनात राहिलेला ठसा मोजतो. बस मुळा नदीच्या पुलावर अडकली होती, हे वाक्य कानावर पडलं आणि गेलंही, आणि तो सांगतोय तेच माझ्या बाबतीत आत्ता घडतंय हे लक्षात आलं. कागदावर हे कळलंच नसतं. कागदावर शब्द जात नाही, तिथेच बसून असतो.

तुमचा अनुभव काय?

जुना_पाळक

ताई, पुलावरचा तुमचा अनुभव खरा आहे आणि सुंदर आहे. तरी मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण प्रश्न गंभीर आहे.

वचन ऐकणं आणि धर्मशास्त्र अभ्यासणं या दोन गोष्टी आहेत. इ. स. ३२५ मध्ये निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्राबद्दल, म्हणजे येशूबद्दल, 'होमोऊसिओस' हा शब्द धरला, म्हणजे पित्याच्याच सत्त्वाचा. पुढच्या काही दशकांत 'होमोइऊसिओस' म्हणू या, असा एक पक्ष उभा राहिला. म्हणजे पित्यासारख्या सत्त्वाचा. ग्रीकमध्ये फरक एका 'इओटा'चा. त्या एका अक्षरावर येशू ख्रिस्त देव आहे की देवासारखा आहे हे ठरतं, आणि त्यावर आपलं तारण. बसमध्ये हॉर्न वाजला की ते अक्षर गेलं! डोळा मागे जातो, बोट ठेवतो, शेजारी पेन्सिलीने खूण करतो. कान वाहत्या पाण्यात उभा असतो.

विसाव्या शतकातला स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट, त्याचं 'चर्च डॉग्मॅटिक्स' घ्या. मुख्य मजकूर मोठ्या टाइपात आणि मधेच छोट्या टाइपातले लांबलचक परिच्छेद, त्यात शास्त्रवचनांची चर्चा आणि जुन्या आचार्यांशी वाद. कुठला मजकूर कणा आणि कुठला फांदी, हे टाइप पाहूनच समजतं. आवाजाला टाइप नसतो.

चाळीस वर्षं उपदेश केला. रविवारी दारात हात मिळवताना लोक म्हणायचे, "पाळकसाहेब, आज फार छान झालं." बुधवारी त्याच घरी गेलो तर मुद्दा कोणालाच सांगता यायचा नाही. दोष त्यांचा नाही. कानाची धारणा तेवढीच.

वसईचा_वाचक

पाळकसाहेब, तुम्ही उदाहरण दिलंत तेच उलटं फिरतं! निकेयाचा वाद पसरला कसा? पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या अरियसने आपलं म्हणणं 'थालिया' नावाच्या पद्यात घातलं. खलाशी, गिरणीवाले आणि वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणी रचून चाली लावल्या असं जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. त्या काळचा सामान्य माणूस धर्मशास्त्र कानानेच शिकला, चुकीचं असो की बरोबर.

आणि आपल्या भाषेत पाहा. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! ओवीच का घेतली? नवख्रिस्ती लोकांची पुराण ऐकायची सवय सुटली होती आणि त्या जागी त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं. म्हणून आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत सगळं ओवीत. छपाई रोमन लिपीत होती, ती वाचता येणारे किती असतील? ऐकणारे मात्र गावच्या गाव. मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्राची सुरुवातच श्राव्य आहे, आणि आपण आज त्याला नवीन फॅड समजतो याचं मला वाईट वाटतं.

जुना_पाळक

अरियसचं बरोबर बोललात. चाल लोकांच्या तोंडी बसली म्हणूनच तर तो वाद आवरेना. गाण्याला प्रश्न विचारता येत नाहीत. शेवटी परिषदेने तपासलं ते शब्द न्‌ शब्द मांडून.

दोन_ओळींमध्ये

धागाकर्तीने ऑगस्टीनलाच साक्षीला बोलावलंय, तर त्याची उलटतपासणीही व्हायला हवी.

पहिली गोष्ट, सहावा भाग. मिलानमध्ये तो बिशप अँब्रोजकडे जायचा तेव्हा अँब्रोज मनात वाचत बसलेला असायचा. डोळे पानावरून फिरत, हृदय अर्थ शोधी, पण आवाज आणि जीभ शांत. ऑगस्टीन कारणांचा अंदाज करतो: घसा लवकर बसायचा म्हणून असेल, किंवा मोठ्याने वाचलं तर कोणीतरी अवघड जागेचा अर्थ विचारील आणि वाचन राहून जाईल म्हणून असेल. ज्याची गीतं साऱ्या मंडळीत गायली जात होती, तोही स्वतःच्या अभ्यासाला बसला की गप्प वाचायचा.

दुसरी गोष्ट दहाव्या भागातली, आणि ती मला जास्त लागते. चर्चमधल्या गाण्याने आपण रडलो, त्याचा फायदा झाला, हे तो मान्य करतो. पण गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो तर ते माझं पाप आहे, अशा वेळी गाणं न ऐकलेलं बरं, असंही म्हणतो. हीच माझी ऑडिओ पुस्तकांबद्दलची भीती आहे. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक बॉनहॉफर, त्याची तुरुंगातली पत्रं मी ऐकायला घेतली. वाचणाऱ्याचा आवाज खोल, थोडा कापरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी दाटून आलेला. १९४५ च्या ९ एप्रिलला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं हे आपल्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक. पण पत्र लिहिताना बॉनहॉफरला ते ठाऊक नव्हतं! तो पुस्तकं मागवतोय, हवापाण्याची चौकशी करतोय, मधेच धर्माशिवायच्या ख्रिस्तीपणाबद्दल एक अवघड विचार मांडतोय. त्या आवाजाने सगळ्यावर एकच शोककळा पसरवली आणि तो अवघड विचार माझ्या डोळ्यांतल्या पाण्यात वाहून गेला. पुस्तक हातात घेतल्यावर मग मी त्याच्याशी भांडू शकले.

तिसरी गोष्ट लेखक सी. एस. लुईसची. 'मिअर ख्रिश्चॅनिटी' ही मुळात १९४१ ते १९४४ मधली बीबीसीवरची भाषणं. आधी छापताना त्याने बोलण्याची ढब तशीच ठेवली होती. १९५२ च्या एकत्रित आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की ती चूक झाली, बोलण्याची कला आणि लिहिण्याची कला यांचं ते नको असलेलं मिश्रण होतं. रेडिओवर एवढा यशस्वी झालेला माणूस हे सांगतो. पान म्हणजे मुकं केलेला आवाज नव्हे, ते वेगळंच काम करतं.

सकाळची_बस

दहाव्या भागातला तो परिच्छेद मी ऐकला होता आणि माझ्या लक्षात राहिला नाही, हे कबूल करते. तुमच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको. आवाजाच्या भावनेबद्दलही तुमचं पटतं. मी ऐकते ते वाचणारे हौशी आहेत, भाग बदलला की आवाज बदलतो, काही जण तर अगदी सपाट वाचतात. कदाचित म्हणूनच मला त्रास झाला नसेल.

लुईसचं मात्र मी वेगळं वाचते. बोलणं आणि लिहिणं या दोन कला आहेत एवढंच तो म्हणतो, एक खरी आणि दुसरी खोटी असं म्हणत नाही.

पारायणवाली

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली. पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे नवविधा भक्तीत पहिली श्रवण, दासबोधाचा चौथा दशक तिथूनच सुरू होतो. पण श्रवण म्हणजे नुसतं कानावर पडणं नाही, त्यामागून मनन आणि निदिध्यास येतात. आणि कीर्तनात बुवा समोर असतात. एक अभंग घेऊन दोन तास बोलतात, एका शब्दावर थांबतात, फिरून येतात, समोरच्याचे डोळे बघून पुन्हा सांगतात. फोनमधला आवाज माझ्यासाठी थांबत नाही. इथे दोन्ही बाजू 'ऐकणं' हा एकच शब्द वापरताहेत, पण मठात जेवताना ऐकणं, ओव्या ऐकणं आणि बसमध्ये एकटीने ऐकणं हे मला तरी एक वाटत नाही.

अंधुक

काचबिंदूने माझी नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळतो, अक्षर नाही. तोवर मीही पेन्सिल घेऊन वाचणारा होतो, तेव्हा पाळकसाहेबांचं म्हणणं मला आतून समजतं.

पण या धाग्यावर 'ऐकावं की वाचावं' असं विचारलं जातं तेव्हा मला विचारलेलंच नसतं. माझ्यासाठी ऐकणं किंवा काहीच नाही. आणि आता ऐकणाऱ्याचा खरा त्रास सांगतो, जो इथे कोणी लिहिला नाही. इंग्रजीत हवं ते सापडतं. मराठीत शास्त्राचं वाचन मिळतं, भाष्य आणि धर्मशास्त्र शोधून दमतो. मग मुलगी पुस्तक स्कॅन करून देते आणि यंत्राचा आवाज ते वाचतो. 'रोम. ८:२८' आलं की तो म्हणतो, "रोम. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटे." तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. पान संपलं की पानाचा आकडाही वाक्यात वाचला जातो. पवित्र त्रैक्यावरचं प्रकरण मी असं ऐकलंय. तीन वेळा ऐकलं तेव्हा वाक्यं जुळली. इओटा ऐकू येत नाही म्हणता? मी एकेका अक्षरासाठी दहा-दहा वेळा मागे जातो. डोळ्यांनी वाचायचो तेव्हा एवढं लक्ष कधीच दिलं नव्हतं.

माझी विनंती एवढीच आहे. ज्यांचे डोळे आणि गळा शाबूत आहेत त्यांनी मराठीतली चांगली ख्रिस्ती पुस्तकं हक्कांची परवानगी घेऊन, किंवा हक्क संपलेली असतील ती तशीच, वाचून ठेवावीत. बाबा पद्मनजींपासून सुरुवात करा. त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची आहे.

जुना_पाळक

अंधुकदादा, तुमचं वाचून मी काल काही लिहू शकलो नाही. कानाची धारणा कमी असते हे मी सरसकट लिहिलं, ते मागे घेतो. लक्ष देण्याची धारणा असते, ती डोळ्याची की कानाची हा पुढचा प्रश्न.

पण पारायणवाली ताईंनी जे म्हटलं ते धरून माझा आक्षेप उरतोच. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. मोठ्याने वाचत होता म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू गेलं. हे सकाळची_बस ताईंच्या बाजूचं. पण फिलिप्प विचारतो, वाचता ते समजतं का? आणि तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? मग फिलिप्प रथात चढून शेजारी बसतो. इयरफोन लावलेल्या माणसाच्या शेजारी कोण बसणार?

'यमुनापर्यटन' मी वाचतो. आवाज अजून बरा आहे. ध्वनिमुद्रण कसं करायचं ते कोणीतरी शिकवा.

सकाळची_बस

पाळकसाहेब, तुमचा शेवटचा प्रश्न घेऊन मी या शनिवारी नगरला आईकडे गेले. आई बहात्तरची, इंग्रजी समजत नाही. मी फोन टेबलावर ठेवला, इयरफोन काढले आणि नववा भाग लावला. दोन-तीन वाक्यं झाली की थांबवायची आणि मराठीत सांगायची. ओस्तिया बंदरात आई मोनिका आणि मुलगा ऑगस्टीन खिडकीशी बसलेत, खाली बाग आहे, आफ्रिकेला परतण्यासाठी जहाजाची वाट बघताहेत, आणि दोघं मिळून संतांचं सार्वकालिक जीवन कसं असेल याबद्दल बोलताहेत. आई मधे मधे विचारत होती, "ती काय म्हणाली? ते सांग." त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनिका तापाने अंथरुणाला खिळते. परक्या देशात पुरण्याची तिला भीती नाही. मुलांना म्हणते की हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, एवढंच मागते की जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

हे मराठीत सांगताना माझंच वाक्य अर्ध्यावर अडलं. आई म्हणाली, "राहू दे. आता लावू नकोस पुढचं." तासभर आम्ही तशाच बसलो होतो. तिने बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

पुढचा भाग येत्या शनिवारी. अंधुकदादा, 'यमुनापर्यटन'मधली एक-दोन प्रकरणं मीही वाचीन, पाळकसाहेबांना ध्वनिमुद्रणाचं फोनवर समजावून देते.