सौमित्र चटर्जी यांचा अभिनय आणि काव्यवाचन

प्रश्न (रत्नागिरी):
सत्यजित राय यांच्या चौदा चित्रपटांत भूमिका करणारे सौमित्र चटर्जी मला पडद्यावर परिचयाचे होते. परंतु त्यांनी केलेले रवींद्रनाथांच्या कवितांचे वाचन अलीकडेच ऐकले आणि बंगाली जेमतेम समजत असूनही ते पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटले. आम्ही काही जण मालगुंडला केशवसुतांच्या कवितांचे वाचन करण्याच्या विचारात आहोत, म्हणून विचारतो: या वाचनाचे बळ त्यांच्या अभिनयात आहे की आणखी कशात?

उत्तर १ (वेंगुर्ले):
माझ्या मते ते आकाशवाणीत आहे. १९५९ च्या ‘अपुर संसार’पूर्वी ते कोलकात्याला आकाशवाणीवर निवेदक होते, आणि तिथे चेहरा किंवा हातवारे मदतीला येत नाहीत, सगळा अर्थ आवाजानेच पोहोचवावा लागतो. शिवाय ते स्वतः कवी होते आणि निर्माल्य आचार्य यांच्यासह ‘एक्षण’ हे नियतकालिक संपादित करीत. ओळ संपली म्हणून ते थांबत नाहीत. अर्थ जिथे विसावतो तिथे थांबतात. जीवनानंद दास यांच्या कविता त्यांच्या आवाजात अवश्य ऐकाव्यात.

उत्तर २ (देवगड):
आकाशवाणीचे महत्त्व मान्य, पण अभिनयाचा वाटा मला अधिक मोठा वाटतो. ‘झिंदेर बंदी’तला (१९६१) देखणा खलनायक, ‘अभिजान’मधला (१९६२) रांगडा टॅक्सीचालक नरसिंग, ‘चारुलता’तला (१९६४) कवितावेडा अमल आणि ‘कोनी’तला (१९८४) पोहण्याचा प्रशिक्षक ही माणसे एकाच नटाने उभी केली आहेत, आणि प्रत्येकाची बोलण्याची लय निराळी आहे. अमलसाठी तर त्यांनी रवींद्रपूर्व काळातील बंगाली हस्ताक्षराचा सराव केला होता. इतक्या बारकाईने दुसऱ्याच्या काळात शिरणारा माणूस कवितेतही कवीच्या मनःस्थितीत शिरूनच बोलतो. आपल्या दशावतारी नटाप्रमाणे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्याची ताकदही त्यांच्याकडे होती, कारण वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी रंगभूमीवर ‘राजा लियर’ साकारला. तरीही कविता वाचताना ते ती ताकद राखून ठेवतात, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मग ‘तुतारी’सारखी कविता कशी वाचावी? शाळेपासून ती चढ्या सुरातच ऐकत आलो आहोत.

उत्तर २ (देवगड):
प्रारंभ संथ ठेवावा. पहिल्याच ओळीला आवाज टिपेला नेला, तर पुढच्या कडव्यांना चढायला जागा उरत नाही.

उत्तर १ (वेंगुर्ले):
येथे माझे मत थोडे वेगळे आहे. ‘तुतारी’त आवाहन आहे, त्यामुळे ती फार दबल्या आवाजात वाचल्यास तिचा जोर हरवेल. सौमित्रबाबूंचा संयम ‘झपूर्झा’ला अधिक शोभेल. मालगुंडला दोन्ही कविता ठेवाव्यात, आणि पार्श्वसंगीत मात्र एकीलाही देऊ नये.