आधी डेक, मग स्पर्धा

विद्यापीठात कार्ड गेमचा क्लब काढायचा तर सुरुवात स्पर्धेनेच करा, असा एकंदर सूर दिसतोय. मला नाही पटत. स्पर्धेला महागडे डेकवालेच (डेक म्हणजे खेळायला बांधलेला कार्डांचा संच) येतात. नवखा दोन डाव हरला की परत फिरकत नाही. त्यापेक्षा क्लबचेच चार-पाच डेक बांधून ठेवा. 'मॅजिक' या कार्ड गेमच्या पॉपर प्रकारात फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणारी कार्डं चालतात, त्यामुळे ६० कार्डांचा डेक स्वस्तात होतो. त्याच्याच कमांडर प्रकाराला १०० लागतात, पण सहसा चौघं एकत्र बसतात आणि गप्पा रंगतात. कार्डांना स्लीव्ह (प्लॅस्टिकची पातळ पाकिटं) मात्र पहिल्या दिवसापासून घाला. आमच्या एका कार्डाचा कोपरा इतका दुमडला होता, की पिसतानाच ते कुठे गेलं हे सगळ्यांना कळायचं! आणि हो, कार्डांची अदलाबदल खेळ संपल्यावरच.