दान्तेच्या स्वप्नातली लेआ फुलं का वेचते?

वाचते_सावकाश:
इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याच्या दुसऱ्या भागात, ‘पुर्गातोरिओ’च्या सत्ताविसाव्या सर्गात अडकले आहे. दान्तेला पहाटे पडलेल्या स्वप्नात बायबलमधली लेआ गात गात फुलं वेचते, हार गुंफते. तिची बहीण राहेल दिवसभर आरशापुढून हलत नाही. तळटीप एका ओळीत मोकळी होते: लेआ म्हणजे कर्म, राहेल म्हणजे ध्यान. पण बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात ना फुलं, ना आरसा. तिथे अधू डोळ्यांची थोरली, देखणी धाकटी आणि धाकटीऐवजी थोरलीशी लग्न लावून फसवला गेलेला याकोब. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मला लेआसाठी रडू यायचं. मग कर्म आणि ध्यान आलं कुठून? दान्तेच्या मनचं का?

जुनी_पोथी:
मनचं नाही. इ.स. 400 च्या सुमारास ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने मानी या विरोधी पंथातल्या फाउस्टसचं खंडन करताना हा अर्थ लावला: लेआ म्हणजे इथले कष्ट, राहेल म्हणजे देवाच्या दर्शनाची आशा. याकोबाला हवी असते राहेल, पदरात आधी पडते लेआ. पुढे पोप ग्रेगरीने बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकावरच्या प्रवचनांत तोच धागा धरला. लेआला कमी दिसतं, पण तिला मुलंबाळं होतात. राहेलला दिसतं, पण तिची कूस फार काळ रिकामी. सतत लोकांच्या कामात गुंतलेल्या त्या माणसाने हे किती कळकळीने म्हटलं असेल!

घाटवाट:
बाराव्या शतकातला सेंट व्हिक्टर मठाचा रिचर्डही पाहा. त्याच्याकडे राहेल म्हणजे बुद्धी, लेआ म्हणजे भावना. धाकट्या मुलाला, बेंजामिनला, जन्म देताना राहेल मरते, कारण ध्यानाच्या टोकाला बुद्धी पुरत नाही. महाकाव्याच्या तिसऱ्या भागात, ‘पारादिसो’च्या दहाव्या सर्गात दान्ते त्याला सूर्याच्या स्वर्गात बसवतो. तरी हे स्वप्न मला ग्रेगरीच्याच जवळचं वाटतं.

वाचते_सावकाश:
दोघांचे मनापासून आभार. रात्री त्या ओळी पुन्हा वाचल्या. लेआच्या अधू डोळ्यांचा दान्ते उच्चारही करत नाही. राहेलला स्वतःचे सुंदर डोळे पाहायची ओढ, लेआला आपल्या हातांनी नटायची. लेआ म्हणते, तिचं समाधान पाहण्यात, माझं करण्यात. ग्रेगरीने मोजलेली मुलं गेली, त्या जागी फुलं आली. आणि हार कशासाठी? आरशात स्वतःला आवडावं म्हणून. म्हणजे लेआही शेवटी आरशापुढेच जाणार आहे! तळटिपेत हे कुठेच नव्हतं.

अठ्ठाविसावा सर्ग उघडला, तर ओढ्यापलीकडे एक बाई गात गात फुलं वेचते आहे.