२०२७ ची राज्यव्यापी वार्षिक आखणी तारखेने करावी की तिथीने?

गोदाकाठची

नमस्कार. आमची संस्था वाचन, लोककला आणि मैदानी खेळ या क्षेत्रांत काम करते. मुख्य कचेरी नाशिकला आहे आणि शाखा राज्याच्या सहाही महसुली विभागांत आहेत. २०२७ या वर्षाची आखणी पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे. एक लोककला महोत्सव, कबड्डी आणि धावण्याच्या स्पर्धा, एकांकिका स्पर्धा आणि प्रत्येक विभागात एक वाचक मेळावा असा एकूण पसारा आहे.

मी सोपा नियम म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक उपक्रम धरला आणि तो तक्ता शाखांकडे पाठवला. आठवडाभरातच विदर्भाने मे महिना नाकारला, सोलापूरने जुलै नाकारला आणि सिंधुदुर्गाने सप्टेंबरचे नावही काढू नका असे कळवले. नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळा असल्याने इथले काय करावे, हेही उमगत नाही. आखणीची सुरुवात नेमकी कुठून करावी? तारखेने चालावे की तिथीने? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कसमादेकर

ताई, तुमच्या तक्त्यात आपले कार्यक्रम आधी भरले गेले आणि लोकांचे दिवस नंतर आठवले. हा क्रम उलटा करा. कोरा तक्ता घ्या, जे दिवस आपले नाहीत ते सगळे आधी त्यावर लिहा, आणि मगच उरलेल्या जागेत आपले काय बसते ते पाहा. मी पंचवीस वर्षे ग्रामीण भागात कार्यक्रम घेतले आणि ही गोष्ट फार उशिरा शिकलो. एका फेब्रुवारीत द्राक्षपट्ट्यातल्या मोठ्या गावी आम्ही तीन दिवसांचा लोककला मेळावा ठेवला होता. कलावंत आले, मंडप उभा राहिला, पण समोर शंभर माणसेही नव्हती, कारण बागांची काढणी ऐन भरात होती आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत घरातले प्रत्येक माणूस कात्री घेऊन बागेत होते. लोकांना कलेची आवड नाही असे त्या रात्री आमच्यातले काही जण म्हणाले, त्याचे मला आजही वाईट वाटते. चूक पूर्णपणे आमची होती.

आता तिथीविषयी. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे त्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आले. २०२७ मध्ये हेच दिवस ४ सप्टेंबर आणि २९ ऑक्टोबरला येतात. त्र्यंबकेश्वरची संत निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते. २०२६ मध्ये ती एकादशी १४ जानेवारीला, नेमकी संक्रांतीच्या दिवशी होती. २०२७ मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. गेल्या वर्षीची फाईल उघडून तारखा तशाच उतरवणाऱ्याची फसगत होते ती इथेच. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते म्हणून ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. १४ एप्रिल, १ मे आणि ६ डिसेंबर हे दिवस तर इंग्रजी तारखेचेच आहेत. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा, एक तारखेचा आणि एक तिथीचा, आणि पंचांगाशी ताडून पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नका.

नाशिकपुरते सांगतो. तुमच्या दुसऱ्या रविवारच्या नियमाने सप्टेंबरचा उपक्रम १२ तारखेला पडतो. २०२७ ची कुंभमेळ्याची मुख्य स्नाने, म्हणजे अमृतस्नाने, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्टला आहेत, तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला आहे. शिवाय ३१ ऑगस्टला पोळा आहे आणि ११-१२ सप्टेंबर गणेशोत्सवात येतात. त्या दीड महिन्यात नाशिक तालुका आणि त्र्यंबकेश्वर इथे काहीही ठेवू नये. वाहने, मुक्कामाच्या जागा, पोलीस, स्वयंसेवक, सगळे त्या कामात गुंतलेले असतील. आपल्या शाखेची मुलेच त्या काळात भाविकांना रस्ता दाखवणे, पाणी देणे अशा कामाला लावली, तर संस्थेचा तो सर्वांत मोलाचा उपक्रम ठरेल.

एप्रिलही तपासा. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, १५ ला रामनवमी आणि कामदा एकादशीला काळारामाच्या मंदिरातून राम आणि गरुड असे दोन रथ निघतात. त्याच सुमारास सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी वणीचे रस्ते भरलेले असतात.

लोककला महोत्सवाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नवा मंडप घालण्यापेक्षा जिथे कला आपल्या जागी जिवंत आहे तिथे लोकांना घेऊन जावे. सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी आहे, दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. आणि आपल्या जुन्या नाशिकमध्ये रंगपंचमीला रहाडी उघडतात. वर्षभर ज्या चौकातून आपण बिनदिक्कत चालतो, तिथली माती आणि लाकडी ओंडके दूर होतात, खालून पेशवेकालीन दगडी हौद उघडा पडतो, पूजा होते, आणि मग उकळून तयार केलेल्या रंगाच्या पाण्यात माणसे एकामागून एक धप्पा, म्हणजे उडी, मारतात. बाहेरगावच्या शाखांतली दहा-दहा मुले त्या दिवशी इथे आणा. त्यांना व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.

मैदानावरचा

कसमादेकर काकांनी सणांचे सांगितले, मी शाळेत खेळ शिकवतो म्हणून तेवढेच लिहितो. स्पर्धकांत विद्यार्थी असतील तर फेब्रुवारी आणि मार्च सोडून द्या, कारण बारावी आणि दहावीच्या परीक्षा त्या काळात असतात. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून त्यांचे वेळापत्रक मिळाल्याशिवाय कबड्डीची तारीख ठरवू नका, नाहीतर चांगले संघ तुमच्याकडे फिरकणारच नाहीत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये इतरांपेक्षा उशिरा उघडतात, हेही ध्यानात असू द्या.

धावण्यासाठी नाशिकसारखी हवा नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात नीचांकी नोंदला जातो आणि सकाळी सात वाजता धावणाऱ्याला दम लागत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते, तो दिवस टाळून महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो; त्याला जोडून स्पर्धा घेतली तर मुलांना १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाची गोष्टही सांगता येईल. एक विनंती मनापासून करतो. स्पर्धा शहरातच ठेवू नका. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत आणि तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ हे दोघेही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचले, आणि दोघेही आपल्याच जिल्ह्याच्या खेड्यांतले आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांतल्या मुलांना येण्याजाण्याचे भाडे आणि एका रात्रीचा मुक्काम दिला, तर निकालाच्या यादीत वेगळीच नावे दिसतील.

पडद्याआड

ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून दोनच गोष्टी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे. सण-उत्सवांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मिळते आणि ते दिवस जिल्ह्याजिल्ह्यांत जाहीर होतात, त्यामुळे एका जिल्ह्यातला अनुभव दुसऱ्या जिल्ह्यात चालेलच असे नाही. पोवाडा किंवा भारूड रंगायला वेळ लागतो. कार्यक्रम सायंकाळी सहाला सुरू केला तरच तो दहाच्या आत मनासारखा संपतो.

दुसरे म्हणजे, एकांकिका स्पर्धेसाठी नाट्यगृहाची तारीख तोंडी शब्दावर सोडू नका. आमच्या ओळखीच्या एका गटाला प्रयोगाच्या चार दिवस आधी कळले की त्याच दिवशी सभागृह दुसऱ्या समारंभाला दिले आहे. तालमीचे तीन महिने वाया गेले. पावती हातात आल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नये.

गोदाकाठची

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री बसून आपले नसलेले दिवस आधी लिहिले. सोलापूरचे म्हणणे आता पटले, कारण जुलैच्या दुसऱ्या रविवारी सगळ्या पालख्या पंढरपूरच्या जवळ पोहोचलेल्या असतील आणि आपल्या निवृत्तिनाथांची पालखीही ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघून त्यांतच असेल. नाशिकचा वाचक मेळावा २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाला जोडून घेते. त्याला परीक्षार्थी येणार नाहीत, पण तो मोठ्या वाचकांसाठीच आहे. धावण्याची स्पर्धा १० जानेवारीला आणि तीही पेठ तालुक्यात घेण्याचा प्रस्ताव मांडते.

एकच अडले आहे. सिंधुदुर्गाच्या शाखेला आंगणेवाडीच्या जत्रेला जोडून दशावताराचा कार्यक्रम करायचा आहे, पण ती जत्रा पंचांगात सापडत नाही.

कसमादेकर

ती पंचांगात नसतेच, ताई. भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग ती जाहीर होते. त्या रकान्यात पेन्सिलीने फक्त 'कौल झाल्यावर' असे लिहा, दशावतारी मंडळाला तसेच कळवा आणि शाखेला सांगा की तारीख कळली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाशिकला फोन करायचा.