अरेका पामच्या पानांमागे बारीक जाळी, औषध मारलं तरी वाढतीये. प्लीज मदत करा

कोथरूडची खिडकी:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलच्या खिडकीशी ३ अरेका पाम, २ क्रोटन आणि एक कॅलाथिया. होळी झाल्यावर अरेकाची पानं फिक्कट दिसायला लागली, मला वाटलं धूळ असेल, बाहेर रस्त्याचं काम चालू आहे, म्हणून वरून वरून पुसत राहिले. मग एकदा पान उन्हाकडे धरलं तर सगळीकडे टाचणीने टोचल्यासारखे पिवळट ठिपके आणि मागे देठाजवळ एकदम बारीक जाळी. नर्सरीत पान नेऊन दाखवलं, त्यांनी इमिडाक्लोप्रिड दिलं, सांगितल्याप्रमाणे दोनदा मारलं, आता १२ दिवस झाले तर जाळी क्रोटनवर पण आलीये. त्यातलं मोठं अरेका सासूबाईंनी लावलेलं आहे, त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, ते झाड मला काही करून वाचवायचंय. छाटून टाकू का? माती बदलू का?

गच्चीवरची बाग:
ताई घाबरू नका, झाड वाचेल. आधी खात्री करून घ्या. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर तिखटाच्या कणाएवढे ठिपके पडतील, मिनिटभर बघत राहा, ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. रंग लालच असतो असं नाही हं, हिरवट-पिवळा आणि पाठीवर दोन काळे डाग असाही असतो. मोठा झालेला जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना धूळच वाटते, यात तुमची काही चूक नाही.

आता औषध का लागू पडलं नाही ते सांगते. कोळी हा किडा नाहीच, ८ पायांचा, घरातल्या कोळ्याच्या, गोचिडीच्या नात्यातला. इमिडाक्लोप्रिड मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी आहे, कोळ्याचं त्याने काही बिघडत नाही, उलट कोळ्याला खाणारे बारीक मित्रकिडे त्यात मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. ते आजपासून बंद करा.

मातीला हात लावू नका, तो पानावरच राहतो. सगळ्या कुंड्या बाथरूममध्ये न्या, माती प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका आणि हँडशॉवरने पानं मागून धुवा. मागून हे मुद्दाम सांगतेय कारण निम्मे लोक वरून पाणी मारतात आणि कोळी खाली आरामात बसलेला असतो. अरेकाची एकेक पाती दोन बोटांत धरून खालून चोळत चला, वेळ लागतो पण अर्धं काम तिथेच होतं. जी पानं पार वाळलीत तेवढीच कापा, बाकी राहू द्या, झाड त्यावरच जगतंय.

मग झाड निथळलं की संध्याकाळी फवारणी. १ लिटर कोमट पाण्यात आधी अर्धा चमचा सौम्य लिक्विड सोप, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल, नीट हलवून लगेच मारायचं, उरलेलं उद्याला ठेवायचं नाही. कपड्याची पावडर कृपया नको, पानं भाजतात. कॅलाथिया नाजूक असते, तिच्या एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा.

वांग्याचं शिवार:
ताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त दिवसांचा हिशोब देतो कारण लोक तिथेच चुकतात. आमच्याकडे उन्हाळी वांग्यावर दरवर्षी कोळी येतो. ३० अंशाच्या आसपास अंडं साधारण ३ दिवसात फुटतं आणि आठवड्याभरात ते पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागतं, एक मादी शंभराच्या आसपास घालते. साबण-तेलाने चालते-फिरते मरतात, अंडी बरीचशी राहतात. म्हणून एकदा फवारून "गेला" म्हणणाऱ्याकडे आठ दिवसांनी परत तेवढाच. दर ४ ते ५ दिवसांनी, कमीत कमी ४ वेळा, मधे एक पण चुकवायची नाही. कॅलेंडरवर खुणा करा.

आणि एक कळकळीने सांगतो, शेतातली कोळीनाशकं घरात आणू नका. अबामेक्टिन, प्रोपरगाईट वगैरे दुकानात सहज मिळतं, कोणीतरी सांगतं थोडंसं मारा म्हणून, पण बंद हॉलमध्ये लहान मुलं, मांजर असतं, ते त्यासाठी बनलेलंच नाही. गंधक सुद्धा तेल मारलेल्या झाडावर दोन-तीन आठवडे मारायचं नाही, आणि कडक उन्हाळ्यात तर नाहीच, पानं जळतात. मी एकदा ही घाई करून वांग्याच्या दोन ओळी घालवल्यात.

बर्फातली जास्वंद:
मी टोरांटोला असते, आमच्याकडे हाच त्रास उलट सीझनमध्ये, जानेवारीत. बाहेर बर्फ आणि घरात हीटिंगने हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि तेव्हाच जास्वंदीवर कोळी. दोन्हीकडे कारण एकच, कोरडी ऊबदार हवा. तुमच्याकडे मार्च-एप्रिलची दुपार तशीच असते, वर एसी असेल तर आणखी कोरडी. झाड एसीच्या झोतात असेल तर आधी हलवा. मी सगळ्या कुंड्या जवळजवळ ठेवायचे म्हणजे दमटपणा राहील, पण त्याने कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर चालत गेला, आता आजारी झाड वेगळ्या खोलीत आणि त्याचं फडकं सुद्धा वेगळं. नुसतं वरचेवर पाणी शिंपडून तो जात नाही, मी महिनाभर तेवढंच करत बसले होते. इथे कोळ्याला खाणारे कोळी विकत मिळतात, फायटोसियुलस नावाचे, छोट्या बाटलीतून पानांवर सोडायचे, ते माझ्याकडे छान चालले, पण त्याआधी तेल मारलेलं नको, ते पण मरतात.

कोथरूडची खिडकी:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. कागदाची टेस्ट केली त्याच दिवशी, ठिपके चालले, अंगावर काटा आला. ५ फवारण्या झाल्या, दर चौथ्या दिवशी, नवऱ्याने कुंड्या उचलल्या आणि मी पाती चोळल्या, मोठ्या अरेकाला प्रत्येक वेळी पाऊण तास लागायचा. परवा कागदावर काहीच पडलं नाही. जुनी पानं मात्र ठिपक्यांचीच आहेत, ती परत हिरवी होतील का? सासूबाईंच्या अरेकाला मधून नवीन सुळका आलाय, तो एकदम स्वच्छ आहे, रोज सकाळी आधी तोच बघते. एक क्रोटन गेलं. अजून एक, बाल्कनीतल्या तुळशीची पानं पण तशीच फिक्कट वाटतायत, तिला तेल मारू का? घरात रोज पानं खातात.

गच्चीवरची बाग:
सुळका आला म्हणजे झाड सावरलं, फार बरं वाटलं वाचून. जुने ठिपके जात नाहीत, कोळ्याने तिथला रस शोषून घेतलेला असतो, नवीन पानं आली की ती हळूहळू काढा. पावसाळा लागेपर्यंत आठवड्यातून एकदा कागद धराच.

तुळशीला तेल नको. रोज सकाळी साध्या पाण्याने मागून धुवा, मंजिऱ्या खुडा, जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात, कुंडीत टाकू नका. दोन आठवडे तिची पानं तोंडात नको, शेजारून मागून घ्या.