मदत हवी आहे: मातृताऱ्याचे वस्तुमान आणि बाह्यग्रहाची त्रिज्या यांचा संबंध खरा कसा ओळखावा?

नमस्कार. अधिक्रमण पद्धतीने (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, त्यावरून) सापडलेल्या बाह्यग्रहांची (इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची) माहिती नासाच्या सार्वजनिक संग्रहातून घेऊन मी मातृताऱ्याचे (ग्रह ज्याभोवती फिरतो त्या ताऱ्याचे) वस्तुमान आणि ग्रहाची त्रिज्या यांचा आलेख काढला आहे. लाल बटू (सूर्याहून बऱ्याच लहान आणि थंड) ताऱ्यांभोवती लहान ग्रहांचीच दाटी दिसते, तर गुरूएवढे ग्रह बहुतांशी सूर्यासारख्या किंवा त्याहून जड ताऱ्यांभोवती दिसतात. यात निसर्गाचा वाटा किती आणि शोधपद्धतीचा किती, हे कसे वेगळे करावे?

अधिक्रमणात प्रकाशाची घट ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढी असते. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेल्यास ती ०.०१ टक्क्याहूनही कमी भरते, पण तोच ग्रह सूर्याच्या सुमारे ०.१२ पट त्रिज्येच्या ट्रॅपिस्ट-१ ताऱ्यासमोरून गेल्यास ती ०.६ टक्क्याच्या आसपास जाते. त्यामुळे लहान ताऱ्यांभोवतीच्या लहान ग्रहांच्या गर्दीवर माझा फारसा विश्वास नाही. मात्र लाल बटूसमोरून गुरूएवढा ग्रह गेल्यास तो नजरेतून सुटणे अवघड आहे, म्हणून आलेखाचा तो रिकामा कोपरा मला खरा वाटतो. हा तर्क बरोबर आहे का?

दुसरी अडचण मला अधिक छळते. ग्रहाची त्रिज्या थेट मोजली जात नाही, ती ताऱ्याच्या त्रिज्येवरून काढली जाते. ताऱ्याची त्रिज्या १० टक्के चुकली की ग्रहाचीही तेवढीच चुकते. ताऱ्याचे वस्तुमान आणि त्रिज्याही एकमेकांशी निगडित असतात. म्हणजे माझ्या आलेखाचे दोन्ही अक्ष एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.

प्रतिसाद

आपली दुसरी शंका अगदी योग्य आहे. गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या २०१८ मधील अंतरांवरून ज्यांच्या त्रिज्या नव्याने काढल्या आहेत असेच तारे घ्यावेत आणि निरनिराळ्या स्रोतांतील आकडे एकत्र करू नयेत.

पहिला तर्क मात्र अपुरा आहे, कारण आपल्याकडे फक्त ग्रह सापडलेले तारे आहेत, छेदस्थानी, म्हणजे एकूण किती तारे तपासले त्या जागी, काहीच नाही. नासाच्या केप्लर अवकाश दुर्बिणीने दीड लाखाहून अधिक तारे पाहिले, त्यांत लाल बटू जेमतेम काही हजार होते. जो ग्रहप्रकार मुळातच विरळ आहे तो इतक्या थोड्या ताऱ्यांत दिसला नाही, तर त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून ग्रह न सापडलेल्या ताऱ्यांसह संपूर्ण यादी घ्यावी. अधिक्रमण दिसण्याची शक्यता ताऱ्याची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या इतकी असते, त्यामुळे प्रत्येक ग्रहाला तिच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यावे. शिवाय खऱ्या प्रकाशनोंदींमध्ये कृत्रिम ग्रहांच्या खुणा मिसळून त्यांतील किती परत सापडतात, हेही तपासावे लागते. एवढे करूनही लाल बटूंभोवती महाग्रह (गुरूसारखे मोठे ग्रह) विरळच ठरतात, तेव्हा आपला अंदाज चुकीचा नव्हता, त्याचा पुरावा अपुरा होता. अपवाद आहेतच: २०१९ मध्ये जाहीर झालेला जीजे ३५१२ बी हा गुरूच्या निम्म्याच्या आसपास वस्तुमानाचा ग्रह सूर्याच्या सुमारे ०.१२ पट वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती फिरतो.

ताऱ्यातील लोहाचे प्रमाणही विश्लेषणात अवश्य घ्यावे. २००५ मधील एका मोठ्या अभ्यासानुसार महाग्रह असण्याची शक्यता लोहाच्या प्रमाणाच्या जवळपास वर्गाने वाढते. ग्रह जिच्यातून घडतात त्या वायू आणि धुळीच्या तबकडीत घन द्रव्य जास्त असल्यास वायू उडून जाण्याआधीच जड गाभा तयार होतो, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. पृथ्वीच्या चौपटीहून लहान त्रिज्येच्या ग्रहांत हा कल बराच क्षीण असतो, म्हणून दोन्ही गट वेगळे ठेवूनच आलेख काढावेत.